जाऊ, गाऊ

"जाऊ," मी म्हटलं.

"गाऊ," मास्तर म्हणाले आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघून हसले. पेपर सोपा गेल्यासारखे.

पुढचा शब्द 'वीट' होता. तो मी म्हणायला हवा होता आणि मला म्हणता येईना. कान तपासायचे तर हे करावंच लागतं: माणसाला त्या बंद खोक्यात बसवायचं, हेडफोन चढवायचे, दार लावून घ्यायचं आणि बाहेरून माइकवर एकेक शब्द म्हणायचा. ऐकणाऱ्यानं तो परत म्हणायचा, बस. शब्द ठरलेले आहेत, मला तोंडपाठ आहेत. जाऊ म्हणजे जाऊबाईतली जाऊ. ज्या कुणी हे शब्द निवडले त्यानं सगळी नामंच घेतली आहेत. म्हणताना मी तोंडापुढे पुठ्ठा धरते. कान गेलेली माणसं ओठ वाचतात आणि आपण ओठ वाचतो हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. रोज कुणी ना कुणी आत बसून 'साल'चं 'गाल' करतं, 'वीट'चं 'मीठ' करतं, मी फुली मारते आणि पुढे जाते, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं. त्या दिवशी मात्र पुठ्ठा तोंडापुढे तसाच राहिला. जाऊ, गाऊ. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. आत मास्तरांनी हात वर केला आणि कानाकडे बोट दाखवून नाही नाही अशी मान हलवली. मशीन बंद पडलं असं त्यांना वाटलं. मशीन ठणठणीत होतं. मी घसा खाकरला, 'वीट' म्हटलं, ते 'मीठ' म्हणाले आणि मी फुली मारली.

मास्तर मला नवे नव्हते, हाच तर सगळा घोळ. पूर्वी ते शाळेत भूमिती शिकवायचे. निवृत्त झाल्यावर राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी वेदान्त शिकवायला लागले, आणि शिकवून झालं की अंधार पडेपर्यंत सगळ्यांना ध्यानाला बसवायचे. फी नाही, फोटो नाही, पाया पडणं नाही. "पाया कसल्या पडताय, गुडघे धरतील," म्हणायचे. मी तिथं पहिल्यांदा गेले ती दिवसभर डोक्यात शिट्ट्या घुमायच्या म्हणून. आमच्या कामात लोकांना ऐकवायच्या शिट्ट्या आधी आपल्यालाच ऐकाव्या लागतात. म्हटलं, तासभर शांत बसायला तरी मिळेल. त्या तासाची कित्येक वर्षं झाली. आवाज बरा म्हणून ध्यानानंतरचा शांतिमंत्र म्हणायचं काम माझ्याकडे आलं, आणि कान तपासते म्हणून 'कानवाली' हे नाव पडलं, तेही मास्तरांनीच पाडलेलं. नवा माणूस आला की ते फळ्यावर लिहायचे, भूमितीतल्या सिद्धतेसारखं, एकाखाली एक: श्रवण, मनन, निदिध्यासन. आधी ऐकायचं, मग त्यावर विचार करायचा, मग त्यातच मुरायचं. "आणि लोक नापास कुठे होतात? पहिल्या पायरीवर. ऐकतच नाहीत!" असं म्हणून ते समोरच्याकडे टक लावून बघायचे. काय नजर होती ती! माझं बोलणं कुणी असं झेलून घेतल्याचं मला आठवत नाही, घरात नाही, दारात नाही. गुरूची दृष्टी म्हणतात ती हीच, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. आणि मी, मला पगार मिळतो तोच मुळी ही नजर ओळखण्याचा, मीसुद्धा सांगायचे. ते आमचे ओठ बघत होते.

त्यांना तपासायला घेऊन आली ती त्यांची सून. मास्तर खोक्यात बसायच्या आधी तिनं बाहेरच्या बाकावर माझ्यापुढे सगळा पाढा वाचला होता. "अहो, टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. बेल वाजवून वाजवून माणसं परत जातात. परवा गॅसवर दूध उतू जातंय, चर्र चर्र, आणि हे शेजारी बसलेले ढिम्म. तुमच्यातलीच एक बाई आली होती, ती मला म्हणते, हळू बोला, त्यांची समाधी लागलीय. समाधी! माझी शेगडी कोण पुसणार?" मी म्हटलं, मग आधी का नाही आणलंत. "आणणार कशी? मी म्हटलं, बाबा, कान बघू या, तर म्हणतात, पान एवढ्यात नको, भूक नाही." आम्ही दोघी हसलो. मी चांगली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. आपल्याला कशाचं हसू येतंय हे तेव्हा कळायला हवं होतं.

मास्तरांच्या उत्तरांचं आमच्यात केवढं कौतुक! प्रश्न सरळ विचारावा आणि उत्तर तिरकं यावं, आधी काही बोध होऊ नये, आणि घरी जाताना रस्त्यात कुठेतरी डोक्यात लख्ख पडावं. आमच्यात एक साहेब आहेत, कुठल्याशा कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांना आम्ही पाठीमागे चिडके साहेब म्हणतो. त्यांनी एकदा विचारलं होतं, "मास्तर, शांत बसलं की मला फार चीड येते." मास्तर म्हणाले, "येऊ दे. आली की उठायचं, तोंडावर गार पाणी मारायचं, परत येऊन बसायचं." साहेबांनी तेच धरलं. कारखान्यात चीड आली की उठून नळाकडे जायचे. लोक म्हणे त्यांचा ओला चेहरा बघून समजायचे की आपण वाचलो. खरोखर निवळला तो माणूस. आता खोक्याबाहेर बसून फुल्या मारताना मला कळलं, चीड नव्हे, मास्तरांनी 'नीज येते' असं ऐकलं होतं. ध्यानाला बसलं की निम्म्या लोकांना झोप येते, त्यांना सगळे मास्तर हेच सांगतात. आणि त्या म्हाताऱ्या बाई, मरणाची भीती वाटते म्हणाल्या होत्या. "रोज थोडी थोडी. सवय मोडू नका. अर्थ आपोआप कळेल." अंगावर शहारे आले होते आमच्या! मरणाची भीती, रोज थोडी थोडी! पोथी वाचते. भीती वाटते नव्हे, पोथी वाचते. बाई पुढे खरंच शांतपणे गेल्या, अगदी हसत, त्यांच्या मुलानं येऊन सांगितलं. आता याला काय म्हणायचं? ज्यांनी चुकीचं औषध घेतलं ते बरे झाले. मग माझ्याच वाट्याला हे का यावं, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला, कारण हिशेब मांडायला बसले तर माझं औषध मी मागून घेतलं होतं.

ते आठवायचं नव्हतं, पण आठवायला लागलं की आपल्या हातात काय असतं? गेल्या वर्षीचा एक गुरुवार. दुपारी ताईचा फोन आला. "अण्णांचं बरं नाही. श्वास लागलाय. तू ये. आजच नीघ." अण्णा म्हणजे आमचे वडील, ताईकडे असायचे, एका रात्रीच्या प्रवासावर. मी बॅग भरली. गाडी रात्रीची, वर्ग वाटेवरच, म्हणून बॅग घेऊनच वर्गाला गेले आणि ती दाराबाहेर चपलांजवळ ठेवली. खरं म्हणजे पाय निघत नव्हता. अण्णांना यापूर्वीही असा श्वास लागला होता, मी धावत गेले होते, आणि ते उशीला टेकून बसून मलाच म्हणाले होते, "एवढ्या लांब कशाला आलीस? कामाचा खाडा." शिवाय आजाऱ्याची खोली मला सोसत नाही, लहानपणापासून, तो वास, ते हळू बोलणं, सारखं घड्याळाकडे बघणं. ध्यान संपलं तेव्हा खोलीत अंधार होता. मी मागे भिंतीपाशी बसले होते. मंत्राची वेळ झाली होती, सगळे माझ्यासाठी थांबले होते. मी विचारलं, "जाऊ का?" एवढंच. कुठे ते नाही, कशाला ते नाही. सांगायचं काय त्यात, त्यांना सगळं कळतं, याबद्दल माझ्या मनात तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. अंधारातून मास्तर म्हणाले, "आज नको. आज असंच शांत बसू या." बॅग त्यांनी बघितलीसुद्धा नव्हती! मी बसले. सगळेच बसले. तशी शांतता मला पुन्हा कधी मिळाली नाही. गाडी गेली. पिशवीत फोन थरथरत होता, ताई विचारत होती, निघालीस का. सकाळच्या गाडीनं मी गेले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"रात्रभर विचारत होते," ताई म्हणाली होती. "निघाली का, निघाली का. मी म्हणत होते, हो अण्णा, निघालीय, रस्त्यात आहे." मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "का नाही निघालीस?" आणि मी मूर्खासारखं खरं ते सांगून टाकलं, "मास्तर नको म्हणाले." ताई भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठली आणि चादरी घड्या करायला लागली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलते, बोलत नाही असं नाही, पण बोलणं सगळं हवापाण्याचं. फोन मी करायचा, तिनं हं म्हणायचं. आणि मी ते सोसलं, कारण माझ्याकडे मास्तरांचं वाक्य होतं. त्यांना आधीच दिसलं होतं, म्हणून ते नको म्हणाले. जाऊन अण्णा वाचणार नव्हते. देह जायचा तो जातोच. आपण बघणाऱ्याच्या जागी बसायचं, हेच नाही का शिकवत ते दर गुरुवारी? ताईला हे कळणार नाही, तिला बिचारीला कोण शिकवणार, असंही मी मनात म्हणत आले. कीव करत होते मी तिची. वर्षभर त्या वाक्याला उशी करून झोपत होते, आणि आता ते वाक्य दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर निघालं होतं.

मास्तर खोक्यातून बाहेर आले आणि माझ्यासमोर खुर्चीत बसले. हेडफोननं त्यांचे पांढरे केस दोन्ही बाजूंनी उभे राहिले होते. मी आलेख त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना आलेख समजावून सांगावा लागत नाही, रेषा खाली गेलेली त्यांनीच आधी बघितली. "हे जाड आवाज तुम्हाला चांगले ऐकू येतात," मी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, "बारीक आवाज गेलेत. म्हणून माणूस बोलतोय ते कळतं, काय बोलतोय ते कळत नाही." 'जाऊ'मधला ज, जहाजातला, दातांमागून घासत निघतो, बारीक असतो, जायला लागलं की असलेच आधी जातात. हे मी त्यांना सांगितलं नाही. आम्हाला प्रत्येकाला विचारावं लागतं तो प्रश्न विचारला, "कानात आपोआप आवाज येतो का?" मास्तर चक्क लाजले. "येतो," ते म्हणाले. "पण तो कानात नव्हे गं. त्याच्याही आत. बारीक, अखंड. मी सांगतो ना तुम्हाला, सगळं शांत झालं की जो उरतो तो." सांगायचे खरे. तो नाद ऐकू यावा म्हणून मी वर्षानुवर्षं कान टवकारून बसले होते. कुणाकुणाला यायचा, मला कधीच आला नाही, मी स्वतःला ढ समजत होते. मी पेन उचललं आणि लिहिलं: आहे, दोन्ही कानांत, सतत.

"किती वर्षं झाली असतील याला?" त्यांनी विचारलं.

"बरीच, मास्तर."

"म्हणजे वर्गात लोक विचारतात ते..."

"काही काही निसटत असेल."

"काही काही," ते म्हणाले आणि पुन्हा त्या रेषेकडे बघायला लागले. सून बाहेर फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होती की अगं हो, दोन्ही कान. मला वाटलं, हीच वेळ आहे. आता विचारलं नाही तर पुढे धीर व्हायचा नाही. मी म्हटलं, "मास्तर, गेल्या वर्षी एकदा तुम्ही मला मंत्र गाऊ दिला नव्हतात. आठवतं?" हे ऐकताना ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि आता मला ते दिसत होतं. "आठवतं की," ते लगेच म्हणाले. "तू विचारलंस गाऊ का, आणि तुझा आवाज कापत होता. मी म्हटलं, पोरीला काहीतरी झालंय, आज नको तिला त्रास."

काहीतरी झालंय एवढं त्यांना ऐकू आलं होतं. आवाजाचं कापणं जाड सुरात असतं, ते पोचतं. त्या अंधारात इतकी माणसं बसली होती, चांगल्या कानांची, जाऊ का हे सगळ्यांना नीट ऐकू गेलं होतं, आणि एकानंही विचारलं नाही की बाई, आवाज का कापतोय. ज्याला शब्द कळला नाही त्यालाच तेवढं कळलं. मला त्यांच्या खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि त्यांच्या पुढ्यात डोकं ठेवून रडावंसंही वाटत होतं. अण्णा गेले हो त्या दिवशी! त्यांना तेही ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. सगळं जाणणाऱ्याला सांगायचं काय? "बरोबर आहे," मी म्हटलं. "घसा धरला होता माझा." आणि कानात घालायची यंत्रं गुरुवारी मीच घरी घेऊन येते, तिथंच बसवू, असं सुनेला सांगून मी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मधले दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. कामावर जात होते, पुठ्ठा तोंडापुढे धरत होते, 'जाऊ' आला की जीभ अडखळत होती. संतापानं नुसती धुमसत होते. कान गेलेत तर तपासून घ्यावेत ना माणसानं! एवढी माणसं पुढ्यात येऊन आपलं आयुष्य ओततात आणि तुम्ही अंदाजपंचे बोलता? मग वाटायचं, त्यांनी कधी म्हटलं होतं मला सगळं कळतं? ते आम्ही ठरवलं होतं. ते तर भाबडेपणानं, ऐकू आलं त्याचं उत्तर देत होते. गाऊ का, आज नको. यात काय चुकलं त्यांचं? सांगून टाकावं का? सांगितलं तर त्या म्हाताऱ्या माणसाचं काय होईल? पुन्हा कुणाला एक शब्द सांगायची त्यांची छाती होणार नाही. वर्ग बंद होईल. मी जेवढं त्यांच्याजवळून घेतलं ते सगळं एका वाक्यात परत फेकल्यासारखं होईल. आणि नाही सांगितलं तर मी दर गुरुवारी तिथं बसून त्यांच्याकडे कशी बघू, आणि ताईला फोन कुठल्या तोंडानं करू? एक दिवस मधल्या सुट्टीत मी त्या खोक्यात जाऊन बसले, दार ओढून घेतलं. तिथं बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. मास्तरांचा तो आतला नाद शेवटी मला तिथंही आला नाही. माझे कान अगदी चांगले आहेत, अण्णांवर गेलेत, त्यांना शेवटपर्यंत सगळं ऐकू यायचं. म्हणजे त्या पहाटे दार वाजलं असतं तर त्यांना ऐकू आलं असतं, आणि ते वाजलं नाही हेही ऐकू आलंच असणार. बसल्या बसल्या एक गोष्ट मला स्वच्छ कळली, आणि ती कळायला ना गुरू लागत होता ना खोकं: मला 'नको' हेच ऐकायचं होतं. त्यांनी 'जा' म्हटलं असतं तर मी अजून एकदा विचारलं असतं.

गुरुवारी वर्गाच्या आधीच मी मास्तरांकडे गेले. दोन्ही कानांत यंत्रं बसवली, माझ्या मशीनवरून आवाज हळूहळू वाढवत नेला. मास्तर डोळे मिटून बसले होते. एकदम दचकले. "हे काय?" पंखा, मी म्हटलं. "आणि हे?" तुमचाच सदरा, हात हलवलात की वाजतो. खाली कुणी मोटार धूत होतं ते पाणी, स्वयंपाकघरातली चमच्यांची खणखण, भिंतीवरचं घड्याळ. एकेक आवाज आला की ते माझ्याकडे बघायचे आणि मी त्याचं नाव सांगायचे. सून दारातून पुटपुटली, "आता मला तोंड सांभाळून बोलायला हवं," आणि मास्तर म्हणाले, "हो, हवं." तिनं जीभच चावली. मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "तो गेला गं," शेवटी हळूच म्हणाले. "कोण?" "आतला. या गर्दीत कुठे दिसत नाही." मी म्हटलं, यंत्रं काढली की परत येईल. त्यांनी मान हलवली, पण चेहरा उतरला तो उतरलाच. मला त्यांची दया यायला हवी होती. मला वाटलं, बरं झालं. असं वाटल्याची नंतर लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं, ते वाटलंच.

माणसं जमली. यंत्रांबद्दल कुणी काही बोललं नाही, बघितलं मात्र सगळ्यांनी. मास्तर शिकवायला लागले आणि स्वतःच्याच आवाजाला बिचकून मधेच थांबत राहिले. प्रश्नांची वेळ झाली तशी चिडके साहेबांनी सवयीनं हात वर केला. "मास्तर, पाणी मारतो, पण चीड काही मुळातून जात नाही." मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. "कुणाची चीड येते?" असं त्यांनी विचारलं. खोलीत चुळबुळ झाली. इतकं साधं उत्तर, तेही प्रश्नच, कुणाला अपेक्षित नव्हतं. साहेब हसण्यावारी नेणार होते, तोंड तसं केलंही त्यांनी, आणि मग त्यांचा आवाज बदलला. "मोठ्या भावाची," ते म्हणाले. त्यापुढचं मास्तरांनी ओढून काढलं नाही. मी भिंतीला पाठ लावून बसले होते.

मग ध्यान. खोलीत अंधार भरत गेला. कुणाचा तरी श्वास घरघरत होता, कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं, आणि आज हे सगळं त्यांनाही ऐकू येत असणार असं सारखं मनात येत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मास्तरांनी नेहमीसारखी टिचकी वाजवली. म्हणजे मंत्र. सगळे माझ्यासाठी थांबले. मी श्वास भरून घेतला, मंत्राचा पहिला शब्द अगदी ओठांवर होता, आणि भलतंच बाहेर पडलं. ठरवलं नव्हतं मी, शपथ घेऊन सांगते.

"जाऊ का?"

आवाज तसाच कापला. अंधारात मास्तरांची फक्त बाह्यरेषा दिसत होती.

"कुठे?" ते म्हणाले.

एवढंच तर होतं. एवढा एक शब्द. तो ऐकला आणि आतून काहीतरी सुटलं, आणि मी बोलले तेही त्या दिवशीचंच, त्या दिवशी न बोललेलं. "वडिलांकडे. बरं नाही त्यांना. श्वास लागलाय. ताईनं बोलावलंय."

"अगं मग विचारतेस काय?" मास्तर हाताचा आधार घेऊन उठायलाच लागले. "ऊठ! दिवा लावा रे कुणीतरी. आणि हे असलं असताना तू इथं डोळे मिटून बसलीस? ऊठ, नीघ, पहिली मिळेल ती गाडी पकड!" दिवा लागला आणि डोळे दिपले. सगळे उभे. "अहो नाही, ऐका ना, ते तसं नाही," मी म्हणत होते, पण कोण ऐकतंय. कुणी माझी पिशवी हातात दिली, कुणी चपला सरळ करून ठेवल्या. सून धावत आत गेली आणि पाण्याची बाटली नि बिस्किटांचा पुडा घेऊन आली, "वाटेत खा हो, उपाशी राहू नका." चिडके साहेब किल्ल्या वाजवत जिन्यात उभे होते, "चला, मी सोडतो स्टँडवर." "सामान?" कुणीतरी विचारलं, आणि मास्तर ओरडले, "सामान घाला चुलीत!" ते दारापर्यंत आले, माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "ते काही बोलतील," मला म्हणाले, "ते नीट ऐक." मी हो म्हटलं. मग मला दुसरं काही म्हणताच आलं नाही.

साहेबांनी मोटार काढली. पुढे रस्ता तुंबला होता. त्यांनी हॉर्न वाजवला नाही, स्टिअरिंगवर बोटं ठेवून बसून राहिले. एकदा मला वाटलं, त्यांना सांगावं, वळवा गाडी, माझे वडील गेल्या वर्षीच गेले. त्यांनी मोटार वळवली असती आणि मी घरी जाऊन जेवून झोपले असते. स्टँडवर तीच गाडी उभी होती, तीच वेळ, दार उघडं, आत अर्ध्या जागा रिकाम्या. साहेबांनी मला खिडकीची जागा बघून दिली, खाली उतरून काचेपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "काही लागलं तर फोन करा, बाई. मनाला लावून घेऊ नका." गाडी हलेपर्यंत ते तिथंच होते. शेवटची घरं मागे पडली तसा मी फोन काढला. ताईनं लगेच उचलला. या वारी या वेळी मी कधी फोन करत नाही.

"ताई," मी म्हटलं, "निघाले गं मी."

तिच्याकडचा नळ चालू होता, तो तिनं बंद केला. माझे कान चांगले आहेत. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आत घेतलेला आणि धरून ठेवलेला.

"आत्ता?" ताई म्हणाली.